टोरांटो विद्यापीठाची ऑफर आली आहे : हो म्हणण्याआधी नेमके काय तपासावे?

निवडुंग (धागा सुरू)

टोरांटो विद्यापीठातल्या पदवी शिक्षणाबद्दल नेमकी माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. मास्टर्सचा विषय इथे नको, त्याचे गणितच वेगळे आहे.

समोरचा प्रश्न असा. सीबीएसई बारावी, अर्ज भारतातून. दोन ऑफर आहेत. पहिली सेंट जॉर्जची, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या जुन्या कॅम्पसची. प्रवेशगट ‘फिजिकल अँड मॅथमॅटिकल सायन्सेस’. दुसरी त्याच विद्यापीठाच्या स्कारबरो कॅम्पसची, कॉम्प्युटर सायन्स को-ऑप, म्हणजे शिकताना मध्ये नोकरीची सत्रे असलेली पदवी. शिकायचे आहे कॉम्प्युटर सायन्सच. घरच्यांचा ओढा सेंट जॉर्जकडे आहे, कारण तो ‘मुख्य’ कॅम्पस.

बाहेर ऐकू येते ते दोनच प्रकारचे. ‘एवढे नामांकित विद्यापीठ, विचार कसला करता?’ नाहीतर ‘तिथे मार्कच देत नाहीत, मुले पिचून जातात.’ एवढ्यावर कोट्यवधींचा निर्णय घेता येत नाही. नियम, आकडे आणि खाचाखोचा माहीत असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळ्याकाठी

सगळ्यात आधी ऑफर लेटर पुन्हा वाचा. त्यात विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी असतात : कॅम्पस, प्रवेशगट आणि अटी. भारतातले पालक ‘टोरांटो मिळाले’ इथेच थांबतात.

सेंट जॉर्जच्या आर्ट्स अँड सायन्स विद्याशाखेत प्रवेश मिळतो तो गटात, विषयात नाही. विषय, म्हणजे तिथल्या भाषेत ‘प्रोग्राम ऑफ स्टडी’, पहिले वर्ष संपताना ठरतो. मुले त्याला ‘पोस्ट’ म्हणतात. काही विषय सर्वांना खुले असतात, काहींना किमान गुणांची अट असते आणि काहींत जागाच मोजक्या असतात. कॉम्प्युटर सायन्स या शेवटच्या प्रकारात येते.

‘कॉम्प्युटर सायन्स’ नावाचा वेगळा प्रवेशगट आहे. त्यातून आलेल्यांना पहिल्या वर्षी सीएससी ११० आणि १११ हे त्यांच्यासाठीचे कोर्स असतात, आणि ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की विषयातली जागा पक्की. इतर गटांतून येणाऱ्यांसाठी फार थोड्या जागा असतात. सीएससी १४८ आणि १६५ मध्ये चांगले गुण मिळवले तरी हमी नाही, कारण तिथे तुमची तुलना अटीशी होत नाही, बाकीच्या अर्जदारांशी होते.

तेव्हा तुमची सेंट जॉर्जची ऑफर म्हणजे कॉम्प्युटर सायन्सची ऑफर नव्हे. गणित, भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र मनापासून आवडत असेल, तर हाच गट उत्तम आहे. पण ‘आत शिरू, मग बदलून घेऊ’ हा बेत असेल तर तो फार धोक्याचा. वर्षाअखेरी जागा मिळाली नाही, तर साठ हजार डॉलर भरून झालेले असतात आणि हातात नको असलेला विषय उरतो.

आंबेमोहर

तळ्याकाठी यांच्याशी सहमत, पण सेंट जॉर्ज एवढ्या सहज सोडू नका. संशोधनाच्या संधी सर्वांत जास्त तिथे आहेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ‘रिसर्च अपॉर्च्युनिटीज प्रोग्राम’ आहे. त्यात प्राध्यापकांच्या प्रकल्पावर काम करून २९९ क्रमांकाच्या कोर्सचे क्रेडिट मिळते. पुढे पीएचडी करायची असेल तर दुसऱ्याच वर्षी अशी संधी मिळणे मोलाचे आहे. रोबार्ट्‌ससारखे चौदा मजली ग्रंथालय, जवळच मोठी इस्पितळे, संशोधन संस्था... हे वातावरण स्कारबरोत नाही.

तळ्याकाठी

संशोधनाचा मुद्दा मान्य. मात्र एक सांगायला हवे. इन्शुलिनचा शोध इथला, आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, अशी नावे घेऊन मुले निघतात. हिंटन आता निवृत्त, मानद प्राध्यापक आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलाची त्यांच्याशी गाठ पडणार नाही. पहिल्या वर्षी गाठ पडते ती कॉन्व्होकेशन हॉलशी. सुमारे १,७०० खुर्च्यांचे ते सभागृह आहे आणि जीवशास्त्र, मानसशास्त्र यांसारखे पहिल्या वर्षाचे मोठे कोर्स तिथे भरतात. शंका विचारायची जागा म्हणजे ट्युटोरियल आणि प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स. ट्युटोरियल बहुधा टीए घेतात, म्हणजे मास्टर्स-पीएचडीचे विद्यार्थी.

लहान वर्ग हवा असेल तर ‘फर्स्ट इयर फाउंडेशन्स’ सेमिनार घ्यावा. पंचवीस-तीस मुले, थेट प्राध्यापक. पुढे शिफारसपत्र लागते तेव्हा नावाने ओळखणारे प्राध्यापक असे कोर्स घेतलेल्यांनाच भेटतात. जुलैत ॲकॉर्नवर, म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थी-संकेतस्थळावर, नावनोंदणी सुरू होताच या जागा भरतात.

मोजपट्टी

‘मार्क देत नाहीत’ याबद्दल आधी जीपीएची, म्हणजे चारपैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरी गुणांकाची, पट्टी समजून घ्या. ८५ आणि त्यावर ४.०, ८० ते ८४ ला ३.७, ७७ ते ७९ ला ३.३, ७३ ते ७६ ला ३.०; ७० ते ७२ ला २.७, ६७ ते ६९ ला २.३, ६३ ते ६६ ला २.०. पन्नासच्या खाली नापास. ७९ आणि ८० मध्ये एका गुणाचा फरक आहे, पण जीपीए ०.४ ने बदलतो. मोठ्या कोर्समध्ये वर्गाची सरासरी सी प्लस ते बी, म्हणजे ६७ ते ७६, या पट्ट्यात राहणे नेहमीचे आहे. प्रत्येक कोर्सची सरासरी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, तुमच्या गुणांशेजारी छापली जाते. ही पद्धत मला न्याय्य वाटते. सी प्लस सरासरीच्या वर्गात मिळालेला बी काय मोलाचा आहे, हे वाचणाऱ्याला कळते. पण फक्त जीपीए पाहणाऱ्या संस्था ती सरासरी पाहत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

पदवीला २० क्रेडिट लागतात. एका सत्राचा कोर्स अर्ध्या क्रेडिटचा, म्हणजे असे चाळीस कोर्स. वर्षाला पाच क्रेडिट, सत्राला पाच कोर्स. लेक्चर, ट्युटोरियल, गृहपाठ आणि वाचन धरून एका कोर्सला आठवड्याला आठ ते दहा तास लागतात. पाचांचे झाले चाळीस ते पन्नास. त्यावर आठवड्याला वीस तासांची नोकरी धरून घरचे बजेट मांडले असेल, तर ते बजेट चुकलेले आहे.

आता नियमांतली सूट. ही माहिती नसल्याने सर्वांत जास्त नुकसान होते :

कोर्स ‘ड्रॉप’ करण्याची मुदत पहिल्या सत्रात नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असते. त्याआधी सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. ही मुदत गेली तरी शेवटच्या तासाच्या दिवसापर्यंत ‘लेट विथड्रॉवल’ मागता येते, तीन क्रेडिटपर्यंत. मग एलडब्ल्यूडी अशी नोंद राहते, जीपीएला धक्का लागत नाही. तिसरी सोय ‘क्रेडिट / नो क्रेडिट’ची. दोन क्रेडिटपर्यंतचे कोर्स असे करता येतात. गुण लपतात, नुसते पास दिसते. पण आपल्या विषयाच्या अटीतला कोर्स यात टाकता येत नाही. गणिताचा पेपर बिघडला म्हणून गणितच यात टाकले, तर विषयाची अट पूर्ण होत नाही. ही सोय कथा-कविता, समाजशास्त्र, इतिहास अशा ‘ब्रेड्थ’च्या, म्हणजे आपल्या विषयाबाहेरच्या, कोर्ससाठी ठेवावी.

आजारपणासाठी ॲकॉर्नवर सत्रातून एकदा, सलग सात दिवसांपर्यंत, स्वतःच अनुपस्थिती नोंदवता येते. तेवढ्याने काम होत नाही. त्याच दिवशी प्राध्यापकांना ईमेल लिहायचा असतो.

निवडुंग

म्हणजे सत्र जड गेले तर दोन-तीन कोर्स सोडून द्यायचे, असे चालते का?

मोजपट्टी

कॅनेडियन मुलांना चालते. परदेशी विद्यार्थ्याला इथे मोठी अडचण आहे. सत्रात दीड क्रेडिट, म्हणजे तीन कोर्स, ही पूर्णवेळ असण्याची किमान मर्यादा आहे. पाचांतून दोन सोडले तर चालेल, तिसरा सोडला की तुम्ही अर्धवेळ झालात. मग कॅम्पसबाहेर नोकरी करण्याची परवानगी थांबते आणि पदवीनंतरच्या वर्क परमिटलाही बाधा येऊ शकते. शेवटच्या सत्राला यातून सूट आहे, मधल्यांना नाही.

त्याहून गंभीर म्हणजे सस्पेन्शन. एकूण जीपीए १.५ च्या खाली गेला की ‘प्रोबेशन’, म्हणजे ताकीद. सुधारणा झाली नाही तर एक वर्षासाठी नाव कमी होते. स्टडी परमिटवर शिक्षणात खंड चालतो तो १५० दिवसांपर्यंत, तोही विद्यापीठाने मंजूर केलेला. वर्षभराचे सस्पेन्शन त्यात बसत नाही. परत यावे लागते किंवा वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणून पहिल्या मध्यसत्र परीक्षेतच पन्नासच्या आसपास गुण आले, तर त्याच आठवड्यात रजिस्ट्रारच्या ऑफिसात जावे. सेंट जॉर्जला ते तुमच्या कॉलेजचे असते : युनिव्हर्सिटी, व्हिक्टोरिया, ट्रिनिटी, सेंट मायकल्स, इनिस, न्यू किंवा वुड्सवर्थ. कॉलेजवरून शिकवणे बदलत नाही. वसतिगृह, सल्लागार आणि शिष्यवृत्त्या बदलतात.

पाढेवाला

फक्त गणिताबद्दल लिहितो, कारण बारावीला ९५ मिळवलेली मुले इथेच अडकतात.

सेंट जॉर्जला कॅल्क्युलसच्या तीन वाटा आहेत. मॅट १३५-१३६ मध्ये गणिते सोडवण्यावर भर आहे. मॅट १३७ मध्ये कॅल्क्युलस सिद्धतेसह येते. मॅट १५७ म्हणजे थेट ॲनालिसिस, गणितातच पदवी घेणाऱ्यांसाठी. आपल्या बारावीच्या मुलाला १३७ चा अभ्यासक्रम वाचून वाटते की हे सगळे झालेले आहे. लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. विषय तेच असतात, विचारतात ते वेगळे असते. आपल्याकडे ‘लिमिट काढा’ असते. तिथे एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या वापरून ती लिमिट तीच आहे हे सिद्ध करायचे असते. किंवा एक विधान देतात, ते खरे की खोटे ते विचारतात. खरे असेल तर सिद्धता, खोटे असेल तर एक उलट उदाहरण. अशा प्रश्नाचा ‘प्रकार’ पाठ करून येत नाही, आणि सरावाच्या पेपरातला प्रश्न जसाच्या तसा परीक्षेत येत नाही. गुण उतरतात ते यामुळे, मूल हुशार नाही म्हणून नव्हे.

जून ते ऑगस्ट तीन महिने मिळतात. ते असे वापरावेत. पहिले तीन-चार आठवडे फक्त तर्काची भाषा : ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘किमान एक असा आहे की’ यांतला फरक, दोन्ही एकत्र असलेल्या विधानाचा नकार लिहिणे, ‘जर-तर’चा व्यत्यास आणि प्रतिलोम. मग इंडक्शन. मग एप्सिलॉन-डेल्टा, रोज दोनच उदाहरणे, पण पूर्ण वाक्यांत लिहून. नुसती चिन्हांची रांग लिहिली तर तिथे गुण कापतात. मॅट १३७ च्या व्याख्यानांच्या चित्रफिती यूट्यूबवर सर्वांना खुल्या आहेत. पहिल्या दहा-बारा बघून मुलाला विचारा, हे आवडते आहे का. त्याचे उत्तर कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त कामाचे आहे. सिद्धता नकोशीच वाटत असेल तर सेंट जॉर्जचे कॉम्प्युटर सायन्सही जड जाईल, कारण तिथला कॉम्प्युटर सायन्सचा पाया गणिती आहे.

अजून एक. प्रोग्रामिंगच्या गृहपाठात मित्राला आपला कोड ‘बघायला’ देणे हा तिथे गुन्हा आहे, देणाऱ्याचाही. सारखेपणा शोधणाऱ्या प्रणाली चलांची नावे बदलली तरी पकडतात. शिक्षा शून्य गुणांपासून ट्रान्सक्रिप्टवरच्या शेऱ्यापर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे जर्नल उतरवून घेणे चालून जाते. ती सवय विमानात बसण्याआधी सोडावी लागते.

जमाखर्च

पैशांचे मी लिहितो. ओंटारियो या टोरांटोच्या प्रांतातल्या मुलाला आर्ट्स अँड सायन्सची वर्षाची ट्यूशन साधारण ६,१०० कॅनेडियन डॉलर आहे. परदेशी मुलाला साठ हजारांच्या वर. इंजिनिअरिंगला आणखी जास्त. राहणे, जेवण, यूहिप हा सक्तीचा आरोग्य विमा, प्रवास आणि पुस्तके धरून वर्षाला ८५,००० डॉलर मांडावेत. चार वर्षांचे ३,४०,००० झाले. डॉलर ६० रुपये धरला तरी दोन कोटी चार लाख. यात दरवर्षीची फीवाढ आणि रुपयाची घसरण धरलेली नाही. दोन्हींसाठी दहा टक्के वेगळे ठेवावेत.

स्टडी परमिटसाठी दाखवायची खर्चाची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून एका विद्यार्थ्याला २२,८९५ डॉलर आहे, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून. ही सरकारची किमान रक्कम आहे, टोरांटोतला खरा खर्च नव्हे. ‘एसडीएस’ ही परमिटची जलद योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. परमिटच्या अर्जाला प्रांताचे अटेस्टेशन लेटर, म्हणजे प्रमाणपत्र, लागते. ऑफर स्वीकारल्यावर ते विद्यापीठामार्फत येते. त्यामुळे ऑफर स्वीकारायला उशीर केला तर पुढचे सगळेच लांबते.

सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. मोजपट्टी यांनी वर लिहिलेच आहे. त्या कमाईतून जेवणखर्च सुटेल, फी नाही.

शिष्यवृत्ती : लेस्टर पिअर्सन ही चार वर्षांची फी, पुस्तके आणि वसतिगृह असे सगळे देते. दरवर्षी सुमारे ३७ विद्यार्थ्यांना मिळते आणि तिच्यासाठी शाळेने नाव सुचवावे लागते; एका शाळेतून एकच. ऑफर हातात आल्यावर तिचा विचार करून उपयोग नाही. ज्यांची मुले आता अकरावीत आहेत, त्यांनी बारावीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोलावे.

कर्ज घेतले तर १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, नाही. स्वतःच्या पैशांतून वर्षाला दहा लाखांवर पाठवले तर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. पदवीनंतरच्या नोकरीतून कर्ज फेडू, हे गृहीत धरत असाल तर वर्क परमिटकडे नीट पाहा. चार वर्षांच्या पदवीला तीन वर्षांचे मिळू शकते. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते, विद्यापीठाच्या पदवीधरांना सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळी) ७. प्रवेशासाठी दिलेली आयल्ट्स ॲकॅडेमिक इथे चालत नाही, जनरल द्यावी लागते.

माझे मत स्पष्ट आहे. घर गहाण ठेवूनच हे जमणार असेल तर पदवी भारतात करावी आणि मास्टर्सला जावे.

सोनचाफा

भाचीला लाइफ सायन्सेसची ऑफर आहे. तिला पुढे तिथेच डॉक्टर व्हायचे आहे. हाच धागा लागू होतो का?

मोजपट्टी

ताई, ती कॅनडाची नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल तर हा मार्ग धरू नका. ओंटारियो सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले की २०२६ पासून तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ९५ टक्के जागा प्रांतातल्या रहिवाशांना आणि उरलेल्या इतर कॅनेडियनांना. परदेशी विद्यार्थ्याला जागा नाही.

ती नागरिक असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही पट्टी बदलते. ओंटारियोच्या वैद्यकीय अर्जात ८५ ते ८९ ला ३.९ धरतात आणि ९० व त्यावर ४.०. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर दोन्ही ४.० दिसतात, म्हणून मुले ८६ वर समाधान मानतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षापासूनचे गुण मोजले जातात, तेव्हा ‘पहिले वर्ष सावरण्यात जाईल’ असे म्हणून चालत नाही.

गो_ट्रेन

ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या मराठी घरांसाठी एक मुद्दा. घरून जाऊन-येऊन सेंट जॉर्ज करायचे असेल तर वेळापत्रक बनवताना गाडी आधी बघा, कोर्स नंतर. गो या उपनगरी रेल्वेच्या मिल्टन मार्गावरच्या गाड्या सकाळी शहरातल्या युनियन स्थानकाकडे आणि संध्याकाळी परत, एवढ्याच. मध्ये आणि रात्री बस. रात्री नऊला संपणारे ट्युटोरियल घेतले तर घरी पोचायला साडेदहा-अकरा होतात. लेकशोअर वेस्टच्या गाड्या दिवसभर असतात, त्यामुळे क्लार्कसन किंवा पोर्ट क्रेडिटला सोडणे बरे पडते. फेब्रुवारी २०२४ पासून गोवरून टीटीसीवर, म्हणजे टोरांटोच्या शहर बस-मेट्रोवर, बदलताना दुसरे भाडे लागत नाही. आठवड्याचे तास तीन दिवसांत बसवले तर दोन दिवस पूर्ण अभ्यासाला मिळतात. आणि विद्यापीठाचाच मिसिसागा कॅम्पस घराजवळ असताना फक्त ‘डाउनटाउन’च्या नावासाठी रोज तीन तास घालवू नयेत. पदवी टोरांटो विद्यापीठाचीच मिळते.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कारबरोकडे मन वळते आहे. तिथून नंतर सेंट जॉर्जला बदली होते का? आणि तिथल्या कॉम्प्युटर सायन्सची जागा तरी पक्की असते का?

तळ्याकाठी

बदली आपोआप होत नाही. नव्याने अर्ज करावा लागतो आणि मर्यादित जागांच्या विषयांत त्याचा भरवसा धरू नये. स्कारबरो घ्यायचे तर चार वर्षांसाठी म्हणून घ्या. शहराच्या पूर्व टोकाला आहे, मध्यावर यायला तासाभराहून जास्त लागतो. पण को-ऑप तिथे बरीच वर्षे रुजलेले आहे आणि कामाची सत्रे पदवीतच बांधलेली आहेत. परदेशी मुलाला पहिली कॅनेडियन नोकरी मिळवणे सर्वांत अवघड जाते. ते काम शिकत असतानाच होते. माझी पसंती स्कारबरोला.

जागेबद्दल : पहिल्या वर्षी सीएससी ए०८, ए४८ आणि गणिताचे ठरलेले कोर्स ठरलेल्या गुणांनी पार करावे लागतात. यंदाची अट काय आहे ते स्कारबरोच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तीन प्रश्न विचारा. माझ्या प्रवेशगटाला विषयाची हमी आहे का, कोणत्या कोर्समध्ये किती गुणांवर? कोर्स दुसऱ्यांदा दिला तर त्याचे गुण धरतात का? आणि अट हुकली तर को-ऑपचे काय होते? तिन्हींचे उत्तर लेखी हवे, फोनवरचे नको.

वसतिगृहाचा अर्ज अजून केला नसेल तर आज करा. पहिल्या वर्षाला जागेची हमी आहे, पण वेळेत अर्ज करणाऱ्यांनाच, आणि ती मुदत बहुधा मार्चअखेर असते.

निवडुंग

वसतिगृहाचा अर्ज फेब्रुवारीतच गेला आहे. ईमेल आज रात्री पाठवते. उत्तर आले की इथेच लिहीन, यंदा अर्ज केलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पाढेवाला

सोबत गणिताचे कोणते कोर्स आणि त्यांना बारावीची कोणती प्रकरणे लागतात तेही विचारून घ्या. ते कळले की उन्हाळ्याच्या अभ्यासाचा आठवडावार तक्ता इथे करून देतो.